कुत्र्या-मांजरांची नसबंदी: कायदा काय सांगतो आणि पुण्यात हे काम तडीस कसं न्यायचं

दिवाळी सरली की पुण्याच्या गल्ल्यांमध्ये पिल्लं दिसायला लागतात. पार्किंगमधल्या गाडीखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, बंद टपरीच्या फळीमागे. पावसाळ्यात माजावर आलेल्या कुत्र्या थंडीच्या तोंडावर वितात, हे दरवर्षीचं ठरलेलं आहे. संक्रांतीपर्यंत यातली बरीचशी पिल्लं पार्व्हो या विषाणूच्या आजाराने नाहीतर चाकाखाली गेलेली असतात. जगतात त्यातल्या माद्या वर्षभरात स्वतःच व्यायला येतात.

कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. ती वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते आणि एका वेतात चार-सहा पिल्लं सहज होतात. मांजरांचं चक्र याहून वेगवान आहे. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. नसबंदी अर्धवट ठेवून चालत नाही. गल्लीत पाच माद्या असतील, चौघींची झाली आणि एक राहिली, तर पुढच्या वर्षी त्या एकीची पिल्लं मोजायची वेळ येते. घरात पाळलेली, बिनऑपरेशनची, संध्याकाळी मोकळी सोडली जाणारी मादीसुद्धा याच हिशेबात धरायची. भाग लहान निवडा, पण त्यातली एकही मादी सोडू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी कायदा नीट समजून घ्या

मूळ कायदा १९६०चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्याखाली केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू केले आणि २००१चे जुने नियम गेले. सोसायटीच्या बैठकीत जे वाद रंगतात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर या नियमांत आहे.

नियमांनी जबाबदारी सरळ वाटून दिली आहे. पाळलेल्या प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी मालकाने करायची. रस्त्यावरच्या प्राण्यांचं काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं, म्हणजे आपल्याकडे पुणे महानगरपालिकेचं. ते ती मान्यताप्राप्त प्राणी कल्याण संस्थांकडून करून घेऊ शकते. अशा संस्थेकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र असावं लागतं. कुठल्याही खासगी माणसाला पैसे देऊन ‘कुत्री उचलून न्या’ म्हणणं यात बसत नाही.

पाळीव प्राण्याची नसबंदी ‘सक्तीची’ आहे का, असं बरेच जण विचारतात. अमेरिकेत लॉस एंजलिस शहराने २००८मध्ये असा नियम केला, की चार महिन्यांच्या वरच्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी झालेलीच असली पाहिजे. सवलत फक्त ठरावीक कारणांसाठी. आपल्या केंद्रीय नियमांत असा वयाचा आकडा नाही. जबाबदारी मालकावर टाकली आहे, पण अमुक महिन्याच्या आत केली नाही तर अमुक दंड, अशी तरतूद नाही. माझ्या मते ही उणीवच आहे. पण तेवढ्यावरून ‘कायदा काही सांगतच नाही’ असा अर्थ काढणं चूक.

विक्रीच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे. २०१७च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या वरचं पिल्लू नसबंदीशिवाय फक्त दुसऱ्या नोंदणीकृत पैदासकारालाच विकता येतं. ओळखीतल्या लॅब्राडॉरचं ‘मॅटिंग’ लावून पिल्लं दहा-पंधरा हजारांना विकणारे शेजारी या नियमांबद्दल काहीच ऐकून नसतात. त्यांना ते शांतपणे दाखवा.

महापालिकेचा परवाना हा वेगळा विषय. पुण्यात पाळीव कुत्र्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि तिचं दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. मांजरांची नोंदणीही सक्तीची करण्याचा निर्णय महापालिकेने नोव्हेंबर २०२२मध्ये घेतला. अर्ज महापालिकेच्या संकेतस्थळावरून करता येतो. पत्त्याचा पुरावा, प्राण्याचा फोटो आणि रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा. नसबंदीचं प्रमाणपत्रही याच फाइलमध्ये ठेवलं की ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

आता सर्वोच्च न्यायालय. ११ ऑगस्ट २०२५चा दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश सगळ्यांच्या लक्षात राहिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला, ते मात्र अनेकांपर्यंत पोचलंच नाही. बदललेल्या आदेशानुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. अपवाद रेबीज झालेल्या, रेबीजचा संशय असलेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांचा. त्याच आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई केली आणि प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा नेमायला सांगितल्या. पुढे ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं-आगारं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. म्हणजे तुमची गल्ली आणि गल्लीच्या टोकाची शाळा यांना वेगवेगळे नियम लागू आहेत. अर्ज लिहिताना हे ध्यानात ठेवा.

कुत्र्याला मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्याशा दंडाला कोण भीक घालतं? म्हणून नको असलेली पिल्लं जन्मालाच येऊ न देणं हाच खात्रीचा उपाय उरतो.

घरातल्या कुत्र्याची नसबंदी

वयाचं आधी. लहान आणि मध्यम चणीच्या कुत्र्यांसाठी, आपल्या देशी कुत्र्यांसाठीही, सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टरांशी बोलणं सुरू करा. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत हाडं आणि सांधे पुरते वाढू द्यावेत म्हणून बरेच डॉक्टर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. थांबणार असाल तर मधल्या काळात मादी माजावर आली की तिला गच्चीवर किंवा जिन्यात एकटी सोडू नका. नुसती नजर चुकली तरी पुरते.

मादी माजावर असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. म्हणून शक्यतो माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या. तारीख लिहून ठेवायची सवय लावून घ्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

‘एक वेत तरी होऊ दे, मग करू’ हा सल्ला घरातल्या मोठ्यांकडून हमखास येतो. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी किंवा लवकर शस्त्रक्रिया झाली तर स्तनाच्या गाठींचा धोका घटतो. गर्भाशय काढलेलं असल्यामुळे त्यात पू होण्याची, म्हणजे पायोमेट्राची, भीती उरत नाही. नसबंदी न झालेल्या प्रौढ माद्यांमध्ये पायोमेट्रा खूप दिसतो. माज संपून काही आठवडे झाले, मादी सारखं पाणी पिते, जेवत नाही, मलूल पडून राहते, अशी लक्षणं असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते ऑपरेशन ठरवून केलेल्या नसबंदीपेक्षा कितीतरी अवघड आणि महाग पडतं.

दवाखाना निवडताना फक्त दर विचारू नका. भूल कोणती देणार, ऑपरेशन चालू असताना ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके कोण बघणार, वेदनाशामक किती दिवसांचं, टाके आतून विरघळणारे की काढावे लागणारे, रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा? डॉक्टरांनी या प्रश्नांना न चिडता उत्तरं दिली तर तिथे थांबा. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देण्यात जास्त जोखीम असते. अशांसाठी अनुभवी हातच बघा. खर्च परवडत नसेल तर औंधच्या शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा प्राणी कल्याण संस्थांच्या सवलतीच्या शिबिरांत चौकशी करा. तिथे नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून माज येण्याच्या बऱ्याच आधी नाव घाला.

ऑपरेशनपूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरा. पुण्यात गोचिडतापाचं प्रमाण लक्षात घेता हे मी आवर्जून सांगते. गोचिडताप झालेल्या कुत्र्याचे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असू शकतात. वरवर ते धडधाकट दिसतं, खेळतं, जेवतं, आणि टेबलावर मात्र रक्त थांबत नाही. तपासणीचे काही शे रुपये वाचवण्याच्या लायकीचे नाहीत. लसी आणि जंताचं औषध आधीच पूर्ण झालेलं असावं.

आदल्या रात्री हलकं जेवण द्या. सकाळचं खाणं बंद. पोट भरलेलं असेल तर भुलीत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. मोठ्या कुत्र्यांना साधारण आठ ते बारा तासांचा उपास सांगतात, लहान पिल्लांना खूपच कमी. पाणी कधी बंद करायचं तेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. घरात कोणी गुपचूप बिस्कीट देणार नाही, हे आजोबांसकट सगळ्यांना बजावून ठेवा. आणि तरीही कोणी दिलंच, तर लपवू नका. डॉक्टरांना सांगा आणि तारीख पुढे ढकला.

घरी आणल्यावर पहिली रात्र तो झोकांड्या खाईल, कण्हेल, अंग गार पडेल. फरशीवर नको, जाड चादरीवर झोपवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका. पलंगावर, सोफ्यावर चढू देऊ नका. गळ्यातला शंकूसारखा पट्टा दहा ते चौदा दिवस काढायचा नाही. त्याची केविलवाणी तोंडं बघून घरचे पट्टा सैल करतात आणि तासाभरात टाके चाटून उघडलेले असतात. जखम दिवसातून दोनदा उजेडात बघा. कडेला थोडी लाली, किंचित सूज चालते. वास, पू, टपकणारं रक्त, पोटाखाली लोंबणारी मऊ सूज, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघत बसू नका. अंघोळ नाही, पळापळ नाही, फिरवणं पट्ट्यावर आणि थोडंच.

नराचं ऑपरेशन सोपं असतं, पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नसबंदीनंतर काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते. महिना-दीड महिना त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा. ‘राखण करणार नाही’ ही भीती व्यर्थ आहे. राखणीचा स्वभाव तसाच राहतो, कमी होते ती मादीच्या मागावरची भटकंती आणि मारामाऱ्या. वजन मात्र वाढतं. टाके निघाल्यावर खाणं थोडं कमी करा आणि चालणं वाढवा.

मांजर

मांजराच्या बाबतीत पुणेकर उशीरच करतात. भाटी चार-पाच महिन्यांची होईस्तोवर निर्णय झालेला असावा. जाळी नसलेली बाल्कनी आणि वाड्याचं कौलारू छप्पर असेल तर घरातली मांजर ‘बाहेर जात नाही’ यावर विसंबू नका. बोक्याचं ऑपरेशन काही मिनिटांचं असतं; केल्यावर दारा-पडद्यांवर मुतण्याची खोड बहुधा कमी होते, आणि लवकर केलं तर ती लागतही नाही. मांजराला झाकणाच्या पिंजऱ्यातूनच न्या. पिशवीत किंवा हातात धरून नेलेली मांजरं रिक्षातून उडी मारून पळाल्याचे प्रकार होतात. घरी आणल्यावर जखमेला माती चिकटू नये म्हणून काही दिवस पेटीत वाळूऐवजी फाडलेला कागद ठेवा.

गल्लीतली कुत्री: खरा कस इथे लागतो

पहिली पायरी यादी. रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना एक फेरी आणि रात्री अकरानंतर दुसरी. प्रत्येक कुत्र्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, नर की मादी, रंग, नेहमीची बसायची जागा, आणि कान. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला छोटीशी खाच असते. ती सरळ, स्वच्छ कापलेली दिसते. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा आणि कडेला जाडसर असतो. दुरून फरक कळत नाही, म्हणून रोज खायला घालणाऱ्याला सोबत घ्या. गल्लीतली कुठली मादी नवीन आली, कुठलीचं पोट सुटलंय आणि कुठलीला दूध उतरलंय, हे चेअरमनपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

यादीत माद्यांवर खूण करा आणि त्यांना आधी घ्या. दहा नरांपैकी नऊ जणांची नसबंदी केली तरी उरलेला एक गल्लीतल्या सगळ्या माद्यांना पुरतो. मादीचं मात्र जेवढं काम होतं, तेवढी वेतं थेट कमी होतात.

दुसरी पायरी अर्ज. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला लेखी पत्र द्या आणि पीएमसी केअर या महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रारही नोंदवा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. पत्रात ‘भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ असं लिहू नका. हद्द स्पष्ट सांगा: अमुक चौक ते अमुक मंदिर, एकूण इतकी कुत्री, त्यात नसबंदी न झालेल्या इतक्या माद्या. सोबत फोटो आणि संपर्कासाठी दोन रहिवाशांची नावं. गाडी आली आणि दाखवायला कोणी नाही, म्हणून रिकामी परत गेली, असं सर्रास होतं.

वेळ शक्यतो पावसाळ्याच्या आधीची धरा. फेब्रुवारी ते मे या काळात जितक्या माद्या होतील, तितकी दिवाळीनंतरची पिल्लं टळतात. शिवाय भर पावसात परत सोडलेल्या कुत्र्याच्या जखमेत अळ्या पडायची भीती असते.

तिसरी पायरी पकडण्याचा दिवस. मोहिमेआधी त्या भागात फलक किंवा सूचना लावायला नियम सांगतात, म्हणून लोकांना कळवा. आदल्या रात्रीनंतर कुत्र्यांना खायला घालू नका. पकडायचं ते हाताने किंवा जाळीने. गळ्यात तारेचा फास किंवा लोखंडी चिमटा दिसला तर तिथेच काम थांबवायला सांगा आणि विभागाला कळवा. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं आणि दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांची आई न्यायची नाही. अशा आया यादीत ‘नंतर’ म्हणून लिहा, आणि पिल्लं दूध तोडताच त्यांच्यासाठी पुन्हा पत्र द्या. अर्धवट राहतं ते नेमकं इथेच.

गाडीत चढवताना प्रत्येक कुत्र्याला क्रमांक आणि पकडलेल्या जागेची नोंद मिळते. तो क्रमांक तुमच्या यादीत फोटोसमोर लिहून घ्या. गर्दीत, आरडाओरड्यात ही गोष्ट राहून जाते, आणि मग कुत्रं दुसऱ्याच पेठेत सोडलं गेलं तर दाद मागायला हातात काही नसतं.

चौथी पायरी परतीची. साधारण चार-पाच दिवसांच्या देखभालीनंतर, रेबीजची लस देऊन, कुत्रं त्याच जागी सोडायचं असतं. सोडायच्या वेळी हजर राहा. कानाची खाच बघा, पोटावरची जखम बघा: कोरडी, मिटलेली, बोटभर लांबीची रेघ हवी. पुढचा आठवडा खायला घालणाऱ्याने रोज एक नजर टाकायची. सूज, ओल किंवा माशा दिसल्या तर त्याच केंद्राला फोटो पाठवा आणि क्रमांक सांगा.

‘परत का आणलं?’ हा वाद त्या दिवशी होणारच. नियमाच्या जोडीला कारणही सांगा. कुत्री उकिरड्याच्या आणि खाण्याच्या आधाराने राहतात. इथली कुत्री नेली तर महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या भागातली, नसबंदी न झालेली, लस न घेतलेली कुत्री त्या जागेवर येतात आणि सगळं पहिल्यापासून. चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी आणि मंगल कार्यालयाचं उष्टं बंद झालं नाही, तर कितीही गाड्या बोलावून उपयोग नाही. दुकानदाराशी बोला, ओला कचरा बंद डब्यात जातोय ना ते बघा.

सोसायटीतले वाद

पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालणारा ठराव सोसायटीला करता येत नाही. रस्त्यावरच्या प्राण्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवणं ही २०२३च्या नियमांनी रहिवासी संघटनेचीच जबाबदारी केली आहे. ती जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि येण्या-जाण्याच्या दारांपासून लांब असावी. ठरलेल्या वेळी घालावं आणि नंतर जागा साफ करावी. खायला घालणाऱ्यांना धमकावणं बेकायदा आहे. त्याचबरोबर कुठेही, केव्हाही घालण्याचा हक्क त्यांनाही नाही. माझा अनुभव असा, की खायला घालणारे नसबंदीच्या यादीचं काम अंगावर घेतात तिथे विरोध बराच निवळतो.

कुत्रं चावलं तर वादात वेळ घालवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याच्या कानाला खाच असली तरी.

काम झाल्यावर

यादी फेकून देऊ नका. दर तीन महिन्यांनी एक फेरी मारा. कानाला खाच नसलेली नवी मादी दिसली की त्याच आठवड्यात पत्र द्या. सोसायटीत नवीन भाडेकरू कुत्रं किंवा मांजर घेऊन आले, तर परवान्याबरोबर नसबंदीचीही चौकशी करा. रेबीजची लस वर्षाला लागते, म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या नावापुढे लसीची तारीख लिहा आणि पुढच्या वर्षीच्या शिबिरासाठी त्याच महिन्यात महापालिकेला किंवा संस्थेला कळवा.